दुहेरी वाटा

रुकैयाने कपाटातून सोनेरी काठाचे कप काढले, ओढणीच्या टोकाने पुसले आणि शहजादच्या पुढ्यात चहा ठेवला. हे कप एक ईदला निघत, नाहीतर गावाकडून कोणी नवं माणूस आलं तर. शहजाद दोन्हींत बसत नव्हता. तो एका खासगी लॅबमध्ये रक्ताचे नमुने इकडून तिकडे पोचवण्याचं काम करायचा आणि अधूनमधून दोहाजवळच्या अल रय्यानमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत जेवायच्या वेळेला बरोबर टपकायचा. पण आज तिचा नवरा नसरुद्दीन सूक वाकिफ बाजारातल्या कापडाच्या दुकानातून भर दुपारी घरी आला होता आणि आल्या आल्या त्यानेच बायकोला डोळ्यांनी ते कप दाखवले होते. म्हणजे काम तसंच असणार.

"भाबी, तुमच्या रगतात सोनं हाय," शहजाद म्हणाला.

रुकैयाला हसू आलं. तिच्या रक्ताबद्दल आजवर कोणी एक चांगला शब्द काढला नव्हता. तिचं रक्त निगेटिव्ह, नसरुद्दीनचं पॉझिटिव्ह. पहिलं बाळ श्रीवर्धनकडच्या त्यांच्या गावी असताना पोटातच गेलं. अशा वेळी बाईला एक इंजेक्शन द्यायचं असतं, ते तिला कोणी दिलं नाही. असं काही देतात हेच कोणाला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून तिच्या रक्ताने वैर धरलं. दुसरा मुलगा जन्मला, चांगला रडलाही, आणि बघता बघता हळदीत लोळवल्यासारखा पिवळा होऊन गेला. तिसरी मुलगी इथे, दोहात, सातव्या महिन्यात हलायची थांबली. इथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की तुमच्या रक्तात एक द्रव्य तयार झालं आहे, ते पोटातल्या बाळाच्या रक्ताला शत्रू समजतं. सासूने फोनवर एवढंच म्हटलं की आमच्या घराण्यात असलं रगत कधी नव्हतं.

"हसू नका," शहजाद म्हणाला. "म्हंजे रगत नव्हं, रगतातलं पानी. प्लाझ्मा. तुमच्या त्या पान्यापासूनच ते इंजेक्शन बनतंय, तुम्हाला मिळालं नाय ते. युरोपात एक कंपनी हाय. असल्या बायका शोधून मिळत नाय त्यांना. तिकीट त्यांचं, राहायची सोय त्यांची, वर पैसे. मशीन पानी तेवढं काढून घेते नि लाल रगत परत अंगात सोडते. तुमचं काय जात नाय. मधून मधून एक सुई देतात, ताकद वाढवायला. खलास."

नसरुद्दीनने ट्रेवरचा नॅपकीन घेतला होता आणि तो काठाला काठ लावून घडी घालत होता, पुन्हा मोडत होता. दुकानात दिवसभर कापड फाडून आणि घड्या घालून त्याच्या हातांना ती खोडच लागली होती. घरातला पंचा असो, वर्तमानपत्र असो, सरळ घडी पडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"पैसे आले की मुंबईला मोठ्या डॉक्टरकडं जाऊ," तो नॅपकीनकडे बघत म्हणाला. "पोटातल्या बाळाला पोटातच रगत चढवतात म्हने आता. पुन्यांदा बघू."

पुन्यांदा बघू. तिसरीला नेल्यापासून हे शब्द दोघांपैकी कोणीच उच्चारले नव्हते. रुकैयाने शहजादच्या कपात पुन्हा चहा ओतला, तो नको नको म्हणत असताना ओतला, आणि वर काजूची बशी भरून आणली. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं, ते ती काजूंवर भागवत होती.

स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी असताना तिला ताहेरुन्निसा खाला आठवली. गावी उरूस झाला की ही नवऱ्याची मावशी दर्ग्याच्या ओट्यावर मलिद्याचं पातेलं घेऊन बसायची आणि तबर्रुक, म्हणजे दर्ग्याचा प्रसाद, वाटायची. माणशी एक मूठ. लहान असो, म्हातारं असो, परगावचं असो, हात पुढे केला की मूठ पडायची. फक्त पोटुशी बाईला दोन. त्याचा बोभाटा कोणी करत नसे. पहिली मूठ पडली तरी बाई हात मागे घ्यायची नाही, तसेच पसरून उभी राहायची, आणि खाला मान वर न करता दुसरी मूठ घालून म्हणायची, "एक तुझा, एक त्याचा." गावाला बातमी कळायची ती अशी. रुकैयाने दोनदा असे हात पसरले होते. तिसऱ्या वेळी ती इथे होती, तर खालाने येणाऱ्या माणसाबरोबर कागदाच्या दोन पुड्या पाठवल्या. त्यातली एक खाऊन झाली. दुसरी खूप दिवस फ्रिजमध्ये होती, मग एकदा नसरुद्दीनने फ्रिज साफ केला, त्यानंतर ती दिसली नाही.

शहजाद निघाला. दाराशी बूट घालता घालता त्याने आवाज खाली आणला.

"आनि ते दुसरं? त्यांना ते एकदम पक्कं पायजे."

"ते खलास," नसरुद्दीन म्हणाला.

"नक्की ना?"

"बोल्लो ना. खलास."

"यल्ला, चला मग. मी कळवतो त्यांना."

रुकैया कप विसळत होती. तिने ऐकलं आणि सोडून दिलं. या देशात हा शब्द उठता-बसता कानावर पडतो. टॅक्सीवाल्याशी भाडं ठरलं की खलास, दुकानात सौदा पटला की खलास, फोन ठेवतानाही खलास. काम झालं, ठरलं, आता काळजी नको. पासपोर्टचं काहीतरी असेल असं तिला वाटलं. तिने कप पुसून कपाटात मागे ठेवायचे ते पुढेच ठेवले.

त्याच आठवड्यात तिला हॉस्पिटलमधून फोन आला. फोनवर मराठी ऐकल्याबरोबर तिने ओळखलं, विभावरी मॅडम. या नाशिकच्या; रक्तपेढीत डॉक्टर होत्या. तिसरीच्या वेळी वॉर्डात रिपोर्ट घेऊन आल्या होत्या आणि सगळ्या इंग्रजी-अरबी गलबल्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून "ताई, ऐकताय ना?" असं ऐकल्यावर रुकैयाने त्यांचा पांढरा कोट मुठीत धरून ठेवला होता. सोडवताना बाईंना बराच वेळ लागला होता. त्यांनी बोलावलं म्हणून ती हॉस्पिटलात गेली.

"मी तपासणीसाठी नाही बोलावलं," विभावरी समोरची खुर्ची ओढत म्हणाल्या. "माझंच एक मागणं आहे. नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही."

"बोला ना."

"तुमच्या रक्तातली ती अँटिबॉडी आहे ना, ती आम्हाला लॅबमध्ये लागते. गरोदर बायकांचं रक्त तपासतो तेव्हा शेजारी एक नमुना ठेवतात, ज्यात ती आहेच हे नक्की माहीत असतं. त्यावरून कळतं की तपासणी बरोबर चाललीय. तुमचा प्लाझ्मा मिळाला तर आम्हाला खूप दिवस पुरेल. पैसे नाही मिळणार बरं का. इथे रक्ताचे पैसे देत नाहीत. ज्यूस मिळतो."

रुकैया हसली नाही. "मंग त्याचं इंजेक्शन बनवनार?"

"नाही. इंजेक्शन इथे बनत नाही, बाहेरून येतं. तुमचं फक्त तपासणीला."

"आम्हाला एक कंपनी बोलावते. युरोपात. ते बनवतात म्हने."

विभावरींनी हातातलं पेन खाली ठेवलं. "पैसे देतात?"

"हां."

बाईंनी खुर्ची जरा पुढे घेतली. मग म्हणाल्या, "खरं सांगू? ते वाईट आहे असं मी नाही म्हणणार. बायकांना जे इंजेक्शन देतात ते असल्याच प्लाझ्मातून येतं, आणि देणाऱ्यांतल्या कित्येकांना त्याचे पैसे मिळालेले असतात. माझं रक्तसुद्धा निगेटिव्हच आहे. मुलीच्या वेळी मी ते टोचून घेतलं. मी कुठल्या तोंडाने तुम्हाला नको म्हणू?"

"मुलगी?"

"चैत्राली. नववीत आहे. मराठी कळतं सगळं, उत्तर इंग्लिशमधून."

रुकैयाला हेवा वाटला. लख्ख, पोटातून हेवा वाटला, आणि ज्या बाईचा कोट आपण मुठीत धरला होता तिचाच वाटला म्हणून लाजही वाटली. इंग्रजीतून उलट बोलणारी नववीतली मुलगी. तिने ओढणी डोक्यावर सारखी केली.

"पण पुढचं सांगितलं का त्यांनी?" विभावरींनी विचारलं. "मधून मधून एक इंजेक्शन देऊ म्हणाले असतील."

"बोल्लेत. ताकद वाढवायला."

"कोणाची ताकद?"

"माझी," रुकैया म्हणाली.

"तुमची नाही, ताई. त्या अँटिबॉडीची. दुसऱ्याच्या रक्ताच्या पेशी टोचतात, की तुमचं रक्त अजून चिडतं. जितकं चिडेल तितकं त्यांना चांगलं. म्हणून ज्या बाईला अजून मूल हवं आहे तिला ते घेतच नाहीत. पहिली अट तीच असते. मुलाबाळांचा विषय कायमचा संपलेला पाहिजे, आणि ते पक्कं विचारून घेतात. तुमच्या मिस्टरांना सांगितलंच असेल की."

पक्कं. शहजाद बूट घालत होता. त्यांना ते एकदम पक्कं पायजे. आणि नसरुद्दीन म्हणाला होता, ते खलास.

म्हणजे तो इथला खलास नव्हता. तो गावाकडचा होता. गावाकडे सौदा पटल्यावर कोणी खलास म्हणत नाही. खाडीत होडी बुडाली की ती खलास होते, बैल खलास होतो, तापाने माणूस खलास होतो. एवढी वर्षं या देशात राहून तिचे कान इथले झाले होते, नवऱ्याची जीभ मात्र त्या दिवशी घरी गेली होती, आणि दोन खोल्यांच्या घरात ती चार पावलांवर कप विसळत उभी असून तिला कळलं नव्हतं.

"आनि पुन्यांदा बघायचं म्हटलं तर?" तिने विचारलं. आवाज तिचाच होता, पण फार लहान आला. "पोटात रगत चढवतात ते?"

"करतात. पण त्यासाठी बाळ तेवढे दिवस टिकायला हवं, आणि दर खेपेला तुमचं रक्त जास्त लवकर हल्ला करतंय. मी खोटी आशा देणार नाही. नाही असंही म्हणणार नाही. ते ठरवणारी मी कोण?"

"तुमाला दिलं, तर तुमी टोचनार काय?"

"काही नाही. आहे तेवढंच घेणार."

संध्याकाळी नसरुद्दीन आला तेव्हा ती वाळलेल्या कपड्यांचा ढीग समोर घेऊन नुसती बसली होती. तो हातपाय धुऊन आला, समोर बसला आणि सवयीने घड्या घालू लागला. तिने त्याला दोन सदरे पुरे करू दिले.

"खलास म्हंजे काय वो?"

"काय?"

"शहजादभायला बोल्लात ते. ते खलास."

त्याचे हात थांबले. खोटं बोलायचं तर त्याला वेळ होता. पण त्याने अर्धी घडी मांडीवरच ठेवली.

"तिला नेलं त्या दिवशी," तो म्हणाला, "तू भिंतीकडं तोंड करून पडलीवतीस. मी जवळ आलो. तर मला म्हनतेस, एसी बंद करा, तिला थंडी वाजंल. आठवतं तुला?"

तिला आठवत नव्हतं.

"मला रोज आठवतं. ते मला पुन्यांदा बघायचं नाय, रुके. माझ्यात नाय तेवढा जोर."

"मग मुंबई? मोठा डॉक्टर?"

"तसं बोल्लो नसतो तर तू हां म्हनाली नसतीस."

"नि गेल्यावर? तिथं त्यांनी मला विचारलं असतं तेवा?"

"तिथं इंग्रजीत विचारतात. शहजाद सांगनार होता तुझ्या नावाने, विषय संपला म्हनून." हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, आणि त्याला लाज वाटत होती हे त्याच्या मानेवरून दिसत होतं. "गावाला गेलो असतो त्या पैशावर. काय तरी धंदा टाकला असता. एवढं खाल्लं त्या रगताने आपलं, काय तरी परत देऊ दे की त्याने."

रुकैयाला भांडायचं होतं. तिने दुपारभर शब्द जमवून ठेवले होते. पण रागवायचं तर समोर निदान दुसरा कोणी माणूस हवा होता. हा तर तोच होता, ज्याने दुसऱ्या मुलाला स्वतःच्या हाताने मातीत ठेवलं आणि येताना कोणालाही न सांगता खाडीवर बसून राहिला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं चुकलं होतं असं छातीवर हात ठेवून तिला म्हणता येत नव्हतं. विचारलं नाही, एवढंच चुकलं होतं. पण ते एवढंच तिला मोठं होतं.

"मी जानार नाय कंपनीत," ती म्हणाली.

"बरं."

"हॉस्पिटलात देनार. फुकट. बाईंना हां बोल्ले."

नसरुद्दीनने मान वर केली. "फुकट? द्यायचंच हाय तर मग फुकट का?"

"किंमत घेतली की ते त्यांचं झालं. ती तिघं पोरं मला अजून कुनाला द्यायची नायत."

"नि तिथं दिलं असतंस तर सुई बनली असती. कुनाचं तरी पोर वाचलं असतं. इथं काय? बाटलीत ठेवून बघत बसनार."

तो पैशासाठी बोलत नव्हता हे तिला समजत होतं. तिने त्याच्या मांडीवरची अर्धी घडी उचलली, पुरी केली आणि उठून गॅस पेटवायला गेली.

ठरलेल्या दिवशी ती एकटीच गेली. नसरुद्दीनच्या दुकानात माल उतरायचा होता, निदान तो तसं म्हणाला. रक्तपेढीत मागे कलणाऱ्या खुर्च्यांची रांग होती. एका खुर्चीवर कोणी कतारी तरुण मोबाइल बघत आरामात पडला होता, दुसरीवर एक फिलिपिनो बाई डोळे मिटून. रुकैयाला वाटलं होतं ऑपरेशनच्या खोलीसारखं काहीतरी असेल. हे तर केस कापायच्या दुकानासारखं निघालं. एक ठेंगणी, हसरी सुदानी नर्स आली, तिने रुकैयाची बाही वर केली, आणि खात्री करून घ्यावी तसं विचारलं, "तबर्रु?"

रुकैया दचकली. गावचा तबर्रुक या बाईला कसा कळला? तिने भोवती पाहिलं. मलिदा नाही, पातेलं नाही. समोरच्या भिंतीवर तोच शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. कुराण वाचलेलं असल्यामुळे तिला अक्षरं लावता यायची, अर्थ लागायचा नाही. तिने लावून पाहिलं. शेवटी 'क'चा काफ नव्हता, दुसरंच अक्षर होतं, ऐन.

"तबर्रुक?" तिने नर्सला विचारलं.

नर्स हसली, मान डोलावली आणि सुई टोचली.

विभावरी मशीनजवळ उभ्या होत्या. "काय म्हणालात तिला?"

"तबर्रुक म्हटलं. तिनेच विचारलं."

"ती तबर्रु म्हणाली. म्हणजे आपल्या मनाने दिलेलं. दान म्हणा. आणि तुमचं ते क असलेलं काय असतं?"

"मलिदा," रुकैया म्हणाली. "दर्ग्याचा. वाटतात. त्याचे पैसे घेत नाय कोन." आणि मग, बाईंना पुरतं कळलं नसेल असं वाटून, "देनाऱ्याचं नसतंच ते," असंही म्हणाली.

मशीन घरघरत होतं. एका नळीतून लाल जात होतं, लालच परत येत होतं, आणि वर टांगलेल्या पिशवीत हळूहळू काहीतरी साठत होतं. रुकैयाने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिने पाहिलं. पिशवी पिवळी होती. सोन्यासारखी म्हणायला शहजाद मोकळा होता. तिला तो रंग चांगला ओळखीचा होता.

"हे असं पिवळं माझंच हाय?" तिने विचारलं.

"सगळ्यांचं असतं."

"तुमचं?"

"माझंही. त्या भाऊंचंसुद्धा, बघा." विभावरींनी मोबाइल बघणाऱ्या तरुणाकडे हनुवटी वळवली. त्याच्या वरच्या पिशवीतही तोच रंग होता. "का हो?"

इतकी वर्षं रुकैयाला वाटत होतं की मुलगा पिवळा झाला तो तिचाच रंग घेऊन. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच. विभावरी वाकल्या, त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्यांना काय कळलं कोणास ठाऊक. त्या हळूच म्हणाल्या, "त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, ताई. बाळाची कावीळ निराळी." सांगायला फार उशीर झाला होता, पण सांगितलं ते बरं झालं.

ओठांना मुंग्या आल्या. हातपाय गार पडले. पिशवी भरली तेव्हा नर्सने ती उतरवली, त्यावर चिकटपट्टी लावली आणि दोन्ही हातांवर घेऊन आतल्या दाराने गेली. रुकैया त्या दाराकडे बघत राहिली. बाळांना नेतात तसंच दार होतं, ढकललं की आपोआप मिटणारं. पण या खेपेला तिने स्वतः हां म्हटलं होतं.

काहीच सुटलं नव्हतं. घरी गेल्यावर त्याच दोन खोल्या, तेच कपाट, तोच माणूस, आणि रात्री दोघांमध्ये न बोललेलं तेच. एखाद्या बाईचं रक्त तपासताना शेजारी आपलं ठेवतील, तिच्यात ते नाही निघालं तर खरं मानता यावं म्हणून आपल्यात आहे असं दाखवतील. एवढ्यावर कोणाचं आयुष्य उजळत नाही. तिचंही उजळलं नाही. फक्त खुर्चीवरून उठून बसताना तिच्या लक्षात आलं की आज सकाळपासून तिने मुंबईच्या डॉक्टरचा विचार केलेला नाही.

नर्स परत आली ती ट्रे घेऊन. खजुराची पुडी आणि ज्यूसचा डबा तिने रुकैयाच्या हातांत ठेवला. रुकैयाने दोन्ही हातांनी घेतलं, लहानपणापासून तसंच घ्यायचं वळण होतं. घेतलं आणि हात मागे न्यायचं राहून गेलं. अंगात त्राण नव्हतं म्हणा, किंवा हातांना त्यांची जुनी आठवण आली म्हणा, ते तसेच पुढे पसरलेले राहिले.

नर्सने पाहिलं. या बाईला आणखी हवंय असं तिला वाटलं. तिने आनंदाने आणखी एक पुडी आणि आणखी एक डबा त्या हातांवर ठेवला.

दारात नसरुद्दीन उभा होता. माल उतरायचा तसाच टाकून आला असावा, सदऱ्याला कापडाची बारीक तुसं चिकटली होती. पुढे यावं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं. तो त्याच गावचा होता, त्याच ओट्यापुढे रांगेत उभा राहून मोठा झालेला. बायकोच्या हातावरचे ते दोन वाटे त्याने पाहिले आणि चौकटीला हात टेकला.

रुकैयालाही तो दिसला. त्याच्याकडे बघत बघतच तिने एक पुडी आणि एक डबा उचलून पुन्हा ट्रेमध्ये ठेवला.

"नको? घे, घे," नर्स मोडक्या हिंदीत म्हणाली.

"खलास," रुकैया म्हणाली.

"खलास," नर्सनेही गोडीने म्हटलं आणि ट्रे घेऊन पुढच्या खुर्चीकडे गेली.

नसरुद्दीन आत आला. खुर्चीच्या पाठीवरून तिची ओढणी खाली घसरली होती, ती त्याने उचलली आणि काठाला काठ लावून घडी घालू लागला. घडी पडेना. त्याने दोनदा मोडून पाहिली, मग ती तशीच गोळा करून छातीशी धरली आणि तिच्या शेजारी खाली बसला. तिने पुडी फोडली आणि एक खजूर त्याच्या हातावर ठेवला.